दुपारी कुणाला उठवायचं नसतं

आमच्या राजकोटात माणसाला तोंडावर काय वाटेल ते बोला, संध्याकाळपर्यंत विसरून जाईल. पण दुपारी एक ते चारच्या मध्ये त्याच्या दाराची कडी वाजवून बघा, जन्माचं वैर! दुकानांची शटरं खाली, दवाखाने बंद, फोनसुद्धा कुणी कुणाला करत नाही. बाहेरगावचे लोक हसतात आम्हाला. हसू देत. पहाटे तीनला उठून कढई तापवणाऱ्याला दुपारी पाठ टेकायला नको का?

कढई म्हणजे आमचीच, गाठियाची. दुकान सासऱ्यांनी काढलं, मग मोटाभाईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी चालवलं, आणि आता माझ्या लेकीचे, किंजलचे पप्पा चालवतात. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण एकदाच सांगून टाकते, नाहीतर तुमचा घोटाळा व्हायचा. बटुकलाल. नाव बटुक आणि मान अशी की लग्नानंतर सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलंच नाही. पण हाताला चव आहे हो माणसाच्या. पाटावर बेसनाचा गोळा ठेवून तळव्याने असा काही वळतात की गाठिया तेलात पडेपर्यंत तुटत नाही. सकाळी सातला दुकानापुढे गर्दी असते, तळलेल्या मिरच्या आणि कच्च्या पपईचा परतलेला संभारा घेऊन लोक उभ्या उभ्या खातात.

दुकानाच्या वर लाकडी जिन्याची मेडी आहे. दुपारी बाजारातले आठ-दहा पुरुष तिथेच आडवे होतात. चपलांच्या दुकानाचा हरसुख, बांधणीवाले रमणीकभाई, आणखी कोण कोण. सदरे खुंटीला, अंगात गंजीफ्रॉक, आणि वर एकेकाचं घोरणं. त्यात आमच्या घरातल्या पुरुषांचं घोरणं म्हणजे बाजारात नाव! मोटाभाई दुपारचे घरी झोपायचे, तर त्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा. लोक कौतुकाने म्हणायचे, ज्याच्या मनात पाप नाही त्यालाच अशी झोप लागते.

आणि वैशाखातल्या एका दुपारी मोटाभाई झोपले ते उठलेच नाहीत.

अख्खा बाजार लोटला होता. जो तो माझ्या मोठ्या जावेला, मुक्ताभाभींना, तेच सांगत होता. काय पुण्यात्मा! कुणाला त्रास नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही, असं मरण यायला भाग्य लागतं. भाभी पदर ओढून ऐकत बसल्या होत्या. त्या दिवसापासून बाईने दुपारी कधी अंग टाकलं नाही. आम्ही सगळे झोपलो की झोपाळ्यावर बसून मेथी निवडतील, देवाच्या वाती वळतील. विचारलं तर म्हणायच्या, "येत नाही गं झोप." मी समजायचे, एकटीचं दुःख आहे, आपण काय बोलणार.

पुढे ह्यांचंही तेच सुरू झालं. सिग्नलला स्कूटरवर पेंग, भजनात पेंग. किंजलच्या साखरपुड्यात तर तोंडात पेढा आणि डोळे मिटलेले. व्याही हसले, आम्हीही हसलो. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. ब्लडप्रेशरची एक गोळी होती तिच्या दोन झाल्या, मग तीन. आणि रात्री घोरता घोरता मध्येच एकदम चिडीचूप. मी कोपर मारायची, तेव्हा बुडता माणूस वर यावा तसे धापा टाकत जागे व्हायचे आणि वर मलाच म्हणायचे, "झोपू देत नाहीस मेली!"

एक दिवस मात्र कढईनेच दाखवलं. सकाळची आठची वेळ, गिऱ्हाईकांची झुंबड. मी गल्ल्याशी. हे झारा धरून बसलेले आणि बसल्या बसल्या मान छातीवर पडली. झारा सुटला, तेल उसळलं, उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. तोंड वाचलं ते द्वारकाधीशाची कृपा. मला रडूही येत होतं आणि संतापही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात पाहिला, मान पाहिली, मला बाजूला घेऊन घोरण्याचं विचारलं आणि सरळ झोपेच्या डॉक्टरकडे पाठवलं.

झोपेची डॉक्टर! हे वाटभर हसत होते. "आता जेवायचीही डॉक्टर निघेल."

डॉक्टर सुजा मूळच्या केरळच्या, नुकत्याच राजकोटला आलेल्या. ठेंगण्या, हसऱ्या, पण बोलणं स्वच्छ. एक रात्र ह्यांना तिथे निजवलं, डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावल्या. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "काका, झोपेत तुमच्या घशाचं दार मिटतं. छाती ओढते, पण हवा आत जात नाही. मग मेंदू घाबरून तुम्हाला जागं करतो. तुम्हाला ते आठवतही नाही. पुन्हा झोप, पुन्हा तेच. समजा, कुणीतरी रात्रभर तुमचा गळा दाबतंय आणि सोडतंय. मग ब्लडप्रेशर गोळीने कसं उतरेल? हृदय किती वर्षं सोसेल? आज पेंग येऊन हात भाजला. हे असंच चालू ठेवलं तर उद्या झटका, नाहीतर पक्षाघात."

"पण मी तर मस्त घोरतो," हे म्हणाले.

"घोरता, ते दार अर्धं मिटलेलं असताना. पुरतं मिटलं की आवाज बंद होतो."

मला मोटाभाई आठवले. मी मनात गाठ बांधली की ह्या माणसाला मी तसं जाऊ देणार नाही.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, कुशीवर झोपायला सांगितलं आणि एक मशीन दिलं. छोटी पेटी, तिला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. "रोज रात्री लावायचं, न चुकता. चष्म्यासारखं समजा. लावलं तरच उपयोग," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "दिवसा झोपता का?"

"दिवसा? छे हो! मी दुकानदार माणूस."

आणि सांगते तुम्हाला, ते खोटं नव्हते बोलत. मीही शेजारी बसून मान हलवली. दुपारचं ते आमच्याकडे झोपेत धरतच नाहीत. दुपारी जेवल्यावर जसा माणूस हात धुतो तसा आडवा होतो, त्यात सांगायचं काय?

पहिले आठ दिवस घरात महाभारत. नाक कोरडं पडतं, पट्टा काचतो, गुदमरायला होतं. मास्क बदलून आणला, पेटीत वाफेचं पाणी घातलं, तेव्हा कुठे जमलं. एका सकाळी उठून म्हणाले, "रंजन, आज डोकं दुखलं नाही." मी देवापुढे साखर ठेवली. पण तीन महिन्यांनी दाखवायला गेलो तर ब्लडप्रेशर जिथल्या तिथे, आणि संध्याकाळी गल्ल्यावर पेंगा चालूच. डॉक्टरांना कोडं पडलं. रात्रभर लावताय ना, विचारलं. ह्यांनी देवाची शपथ घेतली.

मी म्हटलं, "रात्री लावतात हो, मी बघते ना. दुपारी मेडीवर तेवढं नसतं."

"कुठे?"

"दुकानाच्या मेडीवर. एक ते चार."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि रात्री किती वाजता झोपता?"

"दहा-साडेदहा होतात. तीनला बेसन भिजवायचं असतं."

"अहो काका! म्हणजे तुमची जवळजवळ निम्मी झोप दुपारी होते!" त्या हसल्या नाहीत. "चूक माझी. मी राजकोटची नाही, मला हे विचारायला सुचलं नाही. पण आता ऐका. घशाला घड्याळ कळत नाही. दुपारी झोपा, पहाटे झोपा, बसमध्ये झोपा, डोळा लागणार असेल तर मास्क हवाच."

घराचा उंबरठा ओलांडला आणि हे सुरू झाले. "मेडीवर सोंड लावून झोपू? हरसुख माझ्यापुढे नारळ फोडेल नारळ!"

"मग दुपारी घरी या झोपायला."

"बायकोच्या पदराखाली झोपायला जातो म्हणतील. बापाच्या वेळेपासून मी मेडीवर आडवा होतोय."

"लोक हसतील म्हणून मरणार का तुम्ही?"

"तीन तासांनी कुणी मरत नाही."

मग माझ्याने राहवलं नाही. इतके दिवस जिभेवर येऊन गिळलेलं ओरडून बोलले, "मोटाभाई गेले ना तीन तासांत!"

हे खाली बघत म्हणाले, "गेले तर काय वाईट गेले? पुण्यात्म्याचं मरण. मला यावं तसं."

मागे वळले तर स्वयंपाकघराच्या दारात मुक्ताभाभी उभ्या. हातात ताकाचा लोटा. त्यांनी तो सावकाश ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाठ टेकणार, तेवढ्यात भाभी माझ्या उशाशी. डोक्यावरून पदर, पायात चपला, आणि मशीनची पिशवी हातात.

"रंजन, चल."

"कुठे? भाभी, अडीच वाजलेत!"

"म्हणूनच चल."

उन्हाने रस्ता पांढरा झालेला, माणूस नाही चिटपाखरू नाही. मी मागे, त्या पुढे. साठी उलटलेली बाई, गुडघे धरलेले, पण मेडीचा तो उभा जिना चढल्या. आमच्या घरातली बाई त्या वेळी त्या जिन्याला कधी हात लावत नाही. वर पुरुष उघडेवाघडे पडलेले. हरसुखची नजर पडली तसा तो धडपडत उठला आणि खुंटीवरचा सदरा, तोही रमणीकभाईंचा, छातीशी धरला.

"मुक्ताभाभी! काय झालं? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," भाभी म्हणाल्या.

एकेक जण उठून बसला. हे मात्र कोपऱ्यात उताणे, तोंड उघडं, घोरणं रंगात आलेलं. मी उठवायला पुढे झाले तर भाभींनी माझा दंड धरला. "थांब. उठवू नकोस."

आम्ही उभ्या राहिलो. कोपऱ्यातला टेबलफॅन मान वळवत होता. घोरणं चढत गेलं, चढत गेलं, आणि कुणीतरी गळा धरावा तसं एकदम बंद.

हरसुख हळूच म्हणाला, "हां, आता लागली शांत झोप."

"हो ना?" भाभी म्हणाल्या. "मीपण हेच म्हटलं होतं."

कुणाला काही कळलं नाही. भाभींनी ह्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं. पोट ओढत होतं, बरगड्या ओढत होत्या, पण नाकातून, तोंडातून काही नाही. ओठ काळसर पडायला लागले. रमणीकभाई गुडघ्यांवर पुढे सरकले. "अरे, श्वास कुठाय ह्याचा?" आम्ही सगळे बघत होतो आणि मला वाटतं आमच्यापैकी कुणीच श्वास घेत नव्हतं. मी आता हाका मारणार, इतक्यात हे घशातून भलताच आवाज काढत, हातपाय झाडत उठून बसले. घामाने निथळत होते. समोर वहिनी उभी बघून त्यांना काही समजेना.

"भाभी? तुम्ही इथे?"

भाभी त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या. आवाज चढवला नाही. "बटुकभाई, त्या दिवशी मी त्यांच्या उशाशीच होते. लाइट गेली होती म्हणून हातपंख्याने वारा घालत होते. घोरणं थांबलं. मला बरं वाटलं. म्हटलं, सकाळपासून कढईपुढे भाजून निघालेत, आत्ता कुठे शांत झोप लागली. खाली भाजीवाला ओरडत होता, त्याला खूण करून पुढे घालवला. पोरं खेळत होती, त्यांना दटावलं. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून पडदा ओढला. आणि चार वाजेपर्यंत वारा घालत बसले. दुपारी कुणाला उठवायचं नसतं ना! चहा घेऊन उठवायला गेले तेव्हा पाय गार होते."

इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"सगळे मला सांगतात, भाग्यवान मरण. मी ऐकून घेते," भाभी म्हणाल्या. "भाग्य कसलं? एक हाक मारली असती, एक धक्का दिला असता, तर कदाचित उठले असते. कदाचित नसते. मला कधीच कळणार नाही. तुम्ही काल म्हणालात, तसं मरण यावं. बटुकभाई, मेलेला झोपून जातो हो. उशाशी बसलेलीला पुन्हा झोप लागत नाही. रंजनला तिथे बसवू नका."

आमचे हे, बाजारात कुणाचं ऐकून न घेणारे, लहान मुलासारखे वहिनीच्या पायांवर डोकं ठेवून रडले. मी पदर तोंडात कोंबला. मोटाभाई नक्की कशाने गेले ते कुणी तपासलं नव्हतं, आता तपासायला काही उरलंही नव्हतं. पण त्या दुपारी मेडीवर जे पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं.

ह्यांनी डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने पिशवी उघडली. तर पंचाईत ही की मेडीवर प्लग एकच, आणि त्यात टेबलफॅन. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं छप्पर. हरसुखने कुणाला न विचारता फॅनचा प्लग काढला.

"उकडेल रे," रमणीकभाई म्हणाले.

"उकडू दे. उद्या तुम्ही जोडबोर्ड आणा, एवढ्या साड्या विकता." मग ह्यांनी मास्क चढवल्यावर खाली वाकून बघत म्हणाला, "बटुक, सोंड शोभते हो तुला. नारळ मात्र तुझ्याच पैशाने फोडीन." सगळे हसले. हेपण मास्कच्या आतून हसले. मग आडवे झाले, कुशीवर, आणि मशीनची ती बारीक फुसफुस सुरू झाली. भाभी चार वाजेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नाही.

त्यानंतर ह्यांनी दुपार चुकवली नाही. जोडबोर्ड आला, फॅनही चालतो, मशीनही. दिवाळीपर्यंत डॉक्टर सुजांनी एक गोळी कमी केली, गल्ल्यावरची पेंग गेली, कढईपुढे माणूस डोळे उघडे ठेवून बसतो. हातावरचे डाग राहिलेत, राहू देत. परवा हरसुखची बायको गाठिया घ्यायला आली आणि गर्दी ओसरेपर्यंत रेंगाळली. मग हळूच म्हणाली, "रंजनबेन, त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्याल? आमच्याकडेपण रात्री मध्येच चिडीचूप होतं." मी पत्ता दिला आणि वर दम भरला की दुपारचंही सांग.

आणि काल काय झालं सांगते. जेवणं आटोपली, मी भांडी पुसून बाहेर आले, तर झोपाळा रिकामा. मेथीची जुडी तशीच पडलेली. मुक्ताभाभी खाली चटईवर, पदर तोंडावर घेऊन, झोपलेल्या. दुपारी! मोटाभाई गेल्यापासून पहिल्यांदा. मी पाय न वाजवता आत आले. गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवला तर खिडकी लावून घेतली. पडदा ओढला.

पडदा ओढताना माझा हात तिथेच थांबला.

खोलीत आवाज नव्हता. पदर हलत होता का? मला दिसेना. घड्याळात तीनसुद्धा वाजले नव्हते. मी धावत गेले आणि भाभींचा खांदा धरून गदागदा हलवला. "भाभी! अहो भाभी, उठा!"

त्या दचकून उठून बसल्या. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग चाराच्या आत उठवतेस मेली? काही रीतभात?"

मला रडू फुटलं. भाभी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना समजलं. त्यांनी माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला, धरून ठेवला, आणि तसाच धरून पुन्हा आडव्या झाल्या.

"बस इथे," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आणि पुन्हा शंका आली तर पुन्हा उठव."